गोलरक्षक रिचर्ड ॲलन

हॉकीचे जादूगार मेजर ध्यानचंद यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. पण ते समोर गोल करत असताना मागे आपला गोल कोण राखत होते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? त्यांचे नाव रिचर्ड ॲलन. ते मूळचे आपल्या विदर्भातले.

खामगावजवळच्या जलंब स्थानकावरून पूर्वेकडे जाणारी रेल्वे नागपूरला पोहोचते. त्या नागपुरात ४ जून १९०२ रोजी ॲलन यांचा जन्म झाला. त्यांचे शिक्षण मसुरी व नैनिताल येथे झाले.

हॉकीत गोलरक्षकाचे काम फार अवघड असते. गोलाची चौकट बारा फूट रुंद व सात फूट उंच असते. चेंडू दगडासारखा कठीण असतो. आज गोलरक्षक डोक्यावर हेल्मेट घालतो. त्या काळी पायांना पॅड बांधायचे आणि उघड्या चेहऱ्याने चेंडूसमोर उभे राहायचे!

१९२८ साली ॲम्स्टरडॅमला ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. भारताचा हॉकी संघ तेथे प्रथमच उतरला होता. अंतिम सामना यजमान हॉलंडशी होता. आपले काही चांगले खेळाडू आजारी होते. तरी भारत ३-० असा जिंकला. पाच सामन्यांत भारताने २९ गोल केले. त्यांपैकी १४ एकट्या ध्यानचंदांचे होते. आणि भारतावर किती गोल झाले? एकही नाही. ॲलन यांनी एकही चेंडू आत जाऊ दिला नाही.

१९३२ साली लॉस एंजेलिसला भारताने अमेरिकेला २४-१ असे हरवले. ॲलन यांच्याकडे चेंडू क्वचितच येत होता. असे सांगतात की, ते गोल सोडून प्रेक्षकांना सह्या देत होते, तेवढ्यात अमेरिकेने तो एक गोल केला. पाहा, २४ गोलांपेक्षा त्या एका गोलाचीच गोष्ट लोक आजही सांगतात! रक्षकाने क्षणभरही गाफील राहून चालत नाही.

१९३६ साली बर्लिनला सुरुवातीलाच धक्का बसला. सरावाच्या सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले. पुढे १५ ऑगस्टला अंतिम सामन्यात तोच जर्मनीचा संघ समोर आला. आपल्या संघात ध्यानचंद, रूपसिंग, महंमद हुसेन, अली दारा, जाफर, टॅप्सेल असे निरनिराळ्या धर्मांचे खेळाडू एकजुटीने खेळले. भारताने ८-१ असा विजय मिळवला. त्या संपूर्ण स्पर्धेत भारतावर झालेला तो एकमेव गोल होता.

तीन ऑलिंपिक, तीन सुवर्णपदके आणि ॲलन यांच्यावर झालेले गोल फक्त दोन! १९६९ साली त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, परीक्षेत शून्य मिळाले तर आपल्याला लाज वाटते. गोलरक्षकाची सारी कमाई मात्र त्या शून्यातच असते. गोल करणाऱ्यासाठी टाळ्या वाजतात. अडवलेला चेंडू लोक विसरून जातात. रात्री जागणारा पहारेकरी, रेल्वे फाटकावरचा माणूस, यांचेही असेच आहे. काही वाईट घडले नाही, हेच त्यांच्या कामाचे यश.

शाळेच्या मैदानावर गोलात उभे राहायला सहसा कोणी तयार होत नाही. उद्या तुमच्यावर ती पाळी आली, तर नाराज होऊ नका. नागपूरच्या ॲलन यांची आठवण ठेवा आणि चेंडूवरची नजर हलू देऊ नका.