नवे हृदय धडधडले, फुप्फुसांनी साथ दिली नाही

मुंबईच्या केईएम रुग्णालयात १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातील पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण झाले. ते करणाऱ्या पथकाचे प्रमुख होते डॉ. प्रफुल्लकुमार सेन. डॉ. ख्रिस्तियन बर्नार्ड यांनी केपटाऊनमध्ये जगातील पहिले प्रत्यारोपण करून तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते.

१९१५ साली जन्मलेले सेन केईएमशी संलग्न असलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले आणि पुढे तिथेच प्राध्यापक झाले. हृदयाला सुरी लावणे धाडसाचे मानले जाई, त्या १९५०च्या दशकात त्यांनी आकसलेल्या झडपा मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. प्रत्यारोपणाआधी त्यांच्या पथकाने कुत्र्यांवर दीर्घकाळ प्रयोग केले होते.

एवढ्या तयारीनंतरही पहिला रुग्ण सुमारे तीन तासच जगला. हृदय बसवले गेले, धडधडले. अडचण फुप्फुसांत होती. डावे हृदय दीर्घकाळ अशक्त राहिले की रक्त मागे तुंबते, फुप्फुसांतील दाब वाढतो आणि तिथल्या रक्तवाहिन्या कडक होतात. निरोगी दात्याच्या हृदयाच्या उजव्या कप्प्याला इतक्या दाबाविरुद्ध रक्त ढकलण्याची सवय नसते. तो थकतो आणि हृदय बंद पडते. सप्टेंबर १९६८ मध्ये सेन यांनी दुसरे प्रत्यारोपण केले. तो रुग्णही एक दिवस जगू शकला नाही.

१९६९ मध्ये सेन यांना पद्मभूषण मिळाले. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा देशात १९९४ मध्ये झाला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले. ते पाहायला सेन नव्हते.

आज प्रत्यारोपणापूर्वी शिरेतून बारीक नळी घालून फुप्फुसांतील दाब मोजतात. तो फार असेल, तर औषधांनी उतरतो का हे आधी पाहतात. शस्त्रक्रियेनंतर उजवे हृदय दमलेच, तर एक्मो यंत्र काही दिवस रक्त शरीराबाहेर घेऊन त्यात प्राणवायू मिसळते आणि पंपाने परत पाठवते. केईएममधल्या त्या रात्री असा आधार उपलब्ध नव्हता.

हृदय आणि फुप्फुसे एकाच गाडीची दोन चाके आहेत, हा धडा प्रत्यारोपणापुरता नाही. हृदय अचानक कमकुवत झाले की फुप्फुसांत पाणी साचते आणि माणसाला आडवे झोपवत नाही. घरचे त्याला दमा समजून सकाळची वाट पाहतात. एक्मोसारखी सोय मोठ्या शहरांतच असते आणि जळगाव-धुळ्याहून मुंबई तीनशे-चारशे किलोमीटर दूर आहे. म्हणून पहिला तास इथेच सांभाळावा लागतो. अचानक धाप लागली, ओठ निळसर पडले, गुलाबी फेसाळ थुंकी आली किंवा छातीत दुखू लागले, तर रुग्णाला पाय खाली सोडून बसते ठेवा, १०८ ला फोन करा आणि जवळच्या ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. मोठ्या शहरात हलवायचे की नाही, हे रुग्ण स्थिरावल्यावर डॉक्टरांना ठरवू द्या.