बर्नॉल पिवळं का असतं? उत्तर शोधत गेलात तर डीएनए चमकवणाऱ्या रंगांपर्यंत पोहोचाल

सोशल मीडियावर कुणाची जळली की कमेंटमध्ये बर्नॉलचा फोटो पडलाच म्हणून समजा. खऱ्या आयुष्यातही वडखळ नाक्यावर वडे तळताना तेल उडालं, तर कुणीतरी हीच पिवळी ट्यूब शोधायला धावतं. पण हे मलम पिवळं का, असा प्रश्न कधी पडलाय?

त्याचं कारण अ‍ॅमिनाक्रिन. हे अ‍ॅक्रिडिन नावाच्या रंगांच्या कुटुंबातलं औषध. अतिनील प्रकाश टाकला की ते चमकतं आणि डीएनएला चिकटतं. या कुटुंबाला औषधांच्या दुनियेत आणणारा माणूस म्हणजे पॉल एर्लिश.

एर्लिश यांचा जन्म १४ मार्च १८५४ चा. गाव स्ट्रेलेन, तेव्हा जर्मनीत, आज पोलंडमध्ये. नात्यातले कार्ल वायगर्ट सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रंगवायचे. ते बघून पोराला रंगांचं वेडच लागलं. एक रंग पेशीचा एकच भाग धरतो, बाकीचे सोडून देतो. असं का? १८७८ साली त्यांनी डॉक्टरकीचा प्रबंध लिहिला, तोही याच विषयावर.

१८८२ साली त्यांनी सशांच्या शरीरात फ्लोरेसिन हा चमकणारा रंग सोडला आणि तो डोळ्यात कसा उतरतो ते पाहिलं. आजही डोळ्यांचे डॉक्टर तपासणीसाठी फ्लोरेसिनच वापरतात.

त्याच वर्षी रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू शोधला आणि एर्लिश यांनी तो रंगवायची सोपी पद्धत काढली. पुढे त्यांना स्वतःलाच टीबी झाला. इजिप्तच्या कोरड्या हवेत राहून ते बरे झाले. ज्यू असल्यामुळे विद्यापीठात बढती मिळणं अवघड होतं, तरी काम थांबलं नाही.

आता त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. रंग जर फक्त जंतूला धरत असेल, तर तोच रंग जंतूला मारणारही नाही का? १८९१ साली त्यांनी मलेरियाच्या दोन रुग्णांना मिथिलीन ब्लू हा निळा रंग दिला. १९०८ ला नोबेल मिळालं. १९१० साली सिफिलिसवरचं ‘६०६’ बाजारात आलं, ते बनवलं हेक्स्ट कंपनीनं. हो, पुढे मुलुंडमध्ये जिचा कारखाना होता तीच. १९१२ मध्ये लुई बेंडा यांच्यासोबत त्यांनी एक पिवळा अ‍ॅक्रिडिन रंग औषध म्हणून पुढे आणला. तोच अ‍ॅक्रिफ्लेविन. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमांवर तो लावला गेला.

पण ६०६ मुळे काही रुग्णांना त्रास झाला, आरोप झाले, प्रकरण कोर्टात गेलं. २० ऑगस्ट १९१५ ला, ६१ व्या वर्षी एर्लिश गेले.

अ‍ॅक्रिडिन पेशीत नेमकं काय धरतं, हे त्यांना कधीच कळलं नाही. डीएनएची रचनाच १९५३ साली समजली. १९६१ मध्ये लिओनार्ड लर्मन यांनी दाखवलं की अ‍ॅक्रिडिनचे चपटे रेणू डीएनएच्या शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये सरकून बसतात, वहीच्या पानांत कार्ड खुपसावं तसे.

चमकेचं गणितही इथेच आहे. रंग प्रकाश शोषतो आणि थोडी ऊर्जा गमावून जास्त तरंगलांबीचा प्रकाश परत देतो. इथिडियम ब्रोमाइड हा रंग पाण्यात मोकळा असेल तर ही ऊर्जा बरीचशी वाया जाते. डीएनएच्या पायऱ्यांत अडकला की तोच साधारण २० पट तेजाने नारिंगी चमकतो. हेक्स्ट कंपनीचा ‘हेक्स्ट ३३२५८’ पायऱ्यांत शिरत नाही, शिडीच्या बाजूच्या अरुंद खाचेत बसतो आणि निळा दिसतो. प्रयोगशाळेत डीएनए डोळ्यांना दिसतो तो अशाच रंगांमुळे.

मात्र पायऱ्यांत घुसलेला रंग डीएनएची नक्कल होताना चुकाही घडवू शकतो. म्हणूनच इथिडियम हाताळताना हातमोजे घालतात. जी पकड जंतू मारते, तीच डीएनए दाखवते आणि तीच घातही करू शकते. रंगानं फक्त जंतूला धरावं आणि माणसाला सोडावं, यासाठी एर्लिश आयुष्यभर झटले. औषध बनवणारे आजही त्याचसाठी झटतायत.