रँग्लर परांजपे आणि माझा प्रवेश-अर्ज

बारावीला गणितात मला ९६ गुण मिळाले, त्या दिवशी नेरुळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले गेले. आठवड्याने मी कला शाखेचा अर्ज आणला, तेव्हा त्याच शेजाऱ्यांनी वडिलांचे सांत्वन केले! गणितात हुशार मुलगा इंजिनिअर होतो, हा नवी मुंबईत जणू नियमच. गणित आणि अर्थशास्त्र घेऊन बी. ए. करायचे, हे माझे म्हणणे कोणालाच पटेना. तुर्भ्याच्या दाणाबाजारात हिशेब लिहिणारे माझे बाबा तर दोन दिवस बोललेच नाहीत.

आमचे मूळ गाव दापोली तालुक्यातले. त्या सुट्टीत आजोबांनी मला शेजारच्या मुर्डी गावच्या एका मुलाची गोष्ट सांगितली.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी मुर्डीचा. त्यांचे नातलग म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. या बंधूंनीच रघुनाथला शिक्षणासाठी मुंबईला नेले, घरी ठेवून शिकविले. टिळकांनी फर्गसन कॉलेज सोडल्यावर १८९१ साली गणिताच्या जागेवर गोखल्यांनी कर्व्यांना बोलावले. परांजपेही त्याच कॉलेजात गेले.

इथे मी थबकलो. हे कॉलेज १८८५ साली सुरू झालेले, वयाने तेव्हा अगदी लहान. परंतु तेथे टिळकांनी गणित शिकविले होते आणि गोखले गणिताबरोबर इंग्रजी व इतिहासही शिकवीत. गणित आणि वाङ्मय यांच्यामध्ये कोणी भिंत घातली नव्हती.

पुढे सरकारी शिष्यवृत्ती मिळवून परांजपे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले. तेथील ‘ट्रायपॉस’ परीक्षेत गणितात पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणतात. त्यांतला पहिला तो सीनियर रँग्लर. १८९९ साली हा मान परांजपे व जॉर्ज बर्टविसल या दोघांना विभागून मिळाला. असा मान मिळविणारे परांजपे हे पहिले भारतीय. कोकणातल्या खेड्यातला मुलगा साऱ्या हिंदुस्थानात ‘रँग्लर’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

मित्रांनो, खरी परीक्षा त्यानंतरची. विलायतेला जाण्यापूर्वीच त्यांनी आपल्या कॉलेजाची आजीव सेवा पत्करली होती. मोठ्या पगाराची सरकारी नोकरी त्यांना सहज मिळाली असती. परंतु दिलेला शब्द पाळून ते परत आले आणि तुटपुंज्या वेतनावर १९०२ साली फर्गसनचे प्राचार्य झाले. सुमारे दोन दशके त्यांनी ते पद सांभाळले. गणित शिकविता शिकविता त्यांनी कर्वे आणि गोखले यांची चरित्रे लिहिली, बुद्धिवादाचा निर्भीडपणे पुरस्कार केला. पुढे ते मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री, लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू, ऑस्ट्रेलियातील भारताचे उच्चायुक्त आणि पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ६ मे १९६६ रोजी, नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ही गोष्ट घेऊन मी मोठ्या उत्साहाने बाबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, परांजप्यांना शिष्यवृत्ती होती, तुझे काय? मी निरुत्तर झालो. कर्व्यांसारखा भाऊ सर्वांनाच मिळत नाही, आणि मी काही रँग्लर नव्हे. थोर माणसाचे चरित्र म्हणजे प्रवेश मिळवून देणारे शिफारसपत्र नव्हे, हे त्या दिवशी मला कळले.

मग मी दुसरेच काम केले. तीन कॉलेजांत जाऊन गणित कोण शिकविते, तिसऱ्या वर्षापर्यंत तो विषय चालतो काय, ग्रंथालयात गणिताची पुस्तके किती, फी किती, हे विचारून एका कागदावर मांडले. दहावीच्या दोन मुलांच्या शिकवण्या धरून वर्षाचा जमाखर्चही लिहिला. बाबांनी तो कागद हिशेबनिसाच्या नजरेने तपासला, एका बेरजेत माझी चूक काढली आणि अर्जावर सही केली.

आज मी दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांचे मन पुरते वळले आहे असे नाही. परंतु शब्द देऊन तो पाळणे म्हणजे काय, हे मुर्डीच्या त्या मुलाने मला शिकविले आहे. आता माझी पाळी आहे.