कवी आणि कामगार-पुढारी : मखदूम मोहिउद्दीन

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या हैदराबादेत तेलुगू चित्रपटसृष्टीतील कामगारांनी तीस टक्के वेतनवाढीसाठी काम बंद ठेवले आणि शेवटी टप्प्याटप्प्याने वाढ पदरात पाडून घेतली. त्याच सुमारास आमच्या वादविवाद मंडळात प्रश्न निघाला : पटकथालेखकांनीही संप करावा काय? अमेरिकेतील लेखकांनी २०२३ साली १४८ दिवस लेखणी खाली ठेवली होती, असे एकाने सांगितले. दुसरा म्हणाला, लेखक म्हणजे का मजूर? मला मखदूम आठवले.

मखदूम मोहिउद्दीन यांचा जन्म १९०८ साली मेदक जिल्ह्यातील अंदोल येथे झाला. वडील लवकर गेले, चुलत्यांनी वाढविले. हालअपेष्टा सोसून उस्मानिया विद्यापीठातून त्यांनी एम. ए. केले आणि मुसीकाठच्या सिटी कॉलेजात उर्दूचे अध्यापक झाले. निजामाच्या राज्यात कायम पगाराची नोकरी म्हणजे सात पिढ्यांचे पुण्य! ती त्यांनी थोड्याच काळात सोडली व पूर्ण वेळ कामगारांत राहू लागले. आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना हा हिशेब जुळवणे जड जाते.

वाचकहो, त्या संस्थानातील कामगार एका भाषेचा नव्हता. वरंगळला आझमजाही मिल, नांदेडला उस्मानशाही, गुलबर्ग्याला महबूबशाही. म्हणजे तेलुगू, मराठी आणि कानडी घरांतून आलेली माणसे, आणि दरबारची भाषा उर्दू. एकेका गिरणीने वेगळा संप केला तर तो मोडणे सोपे. म्हणून १९४६ साली अखिल हैदराबाद ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली, तिचे अध्यक्ष मखदूम होते. डॉ. राज बहादूर गौड त्यांचे सहकारी. माझ्या मते मखदूम यांचे खरे काम हेच : आधी संघटना, मग संप. लवकरच सरकारने पाठलाग सुरू केला, त्यांना भूमिगत व्हावे लागले. पुढे तुरुंगही झाला.

संप की समेट, हा वाद मी घरातही ऐकला आहे. वडील काम करतात त्या छापखान्यात तीन महिने पगार अडकला होता. मामा म्हणत, उद्याच यंत्रे बंद करा. वडील म्हणत, सोळापैकी सहाच जण येतील, बाकीच्यांना आधी गाठू द्या. मामांना हा भित्रेपणा वाटला. मला वडिलांचे म्हणणे पटले होते, अजूनही पटते. पण त्या तीन महिन्यांत किराणा उधारीवर होता, तेव्हा मामांचा संतापही खोटा म्हणवत नाही.

मखदूम यांनीही एकच हत्यार धरून ठेवले नाही. तेलंगणातील सशस्त्र लढा १९५१ साली मागे घेण्यात आला. त्यानंतर १९५२ साली हुजूरनगरच्या पोटनिवडणुकीत ते विधानसभेवर निवडून आले. पुढे आंध्र प्रदेशच्या विधान परिषदेत ते विरोधी पक्षाचे नेते होते. काहींना ही तडजोड वाटते. मला तसे वाटत नाही. ज्याच्या मागे माणसे आहेत त्याने सभागृह का सोडावे?

या धावपळीत कवितेचे मात्र नुकसान झाले. पहिला संग्रह ‘सुर्ख सवेरा’ १९४४ चा, दुसरा ‘गुल-ए-तर’ थेट १९६१ चा. सतरा वर्षांचे अंतर! तिसऱ्या ‘बिसात-ए-रक्स’ला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. चित्रपटांनीही त्यांच्या रचना घेतल्या : १९६४ चा ‘चा चा चा’, आणि त्यांच्या पश्चात १९७८ चा ‘गमन’ व १९८२ चा ‘बाजार’. गाणे पुन्हा पुन्हा वाजते तेव्हा गीतकाराला वाटा मिळावा, पटकथालेखकालाही मिळावा, ही तरतूद कायद्यात २०१२ साली आली. तीही लेखकांनी एकत्र येऊन भांडल्यावरच.

२५ ऑगस्ट १९६९ रोजी दिल्लीत मखदूम यांचे निधन झाले. त्यांचे दफन हैदराबादेत झाले. हिमायतनगरात त्यांच्या नावाचे ‘मखदूम भवन’ आहे आणि टँक बंडवर त्यांचा पुतळा आहे. संध्याकाळी तेथे फिरायला जाणाऱ्या आमच्यापैकी कितीजण त्या पुतळ्याखालचे नाव वाचतात?