योहान हाइनरिश फॉन थ्युनेन

योहान हाइनरिश फॉन थ्युनेन (२४ जून, १७८३ – २२ सप्टेंबर, १८५०) हे जर्मन जमीनदार व अर्थशास्त्रज्ञ होते. पीक, पशुधन, जमिनीचा कस आणि बाजारभाव यांचा एकत्रित हिशेब मांडून धान्यशेतीच्या पद्धतींची तुलना करणाऱ्या आद्य अभ्यासकांत त्यांची गणना होते.

जीवन

थ्युनेन यांचा जन्म वायव्य जर्मनीतील येफर परिसरात झाला. त्सेले येथे कृषितज्ज्ञ आल्ब्रेख्त टेअर यांच्याकडे आणि नंतर ग्यॉटिंगन विद्यापीठात त्यांनी शिक्षण घेतले. १८१० मध्ये त्यांनी मेक्लेनबुर्गमधील टेलो ही जहागीर विकत घेतली. तेथे बियाणे, मजुरी, गुरे व वाहतूक यांच्या खर्चाची त्यांनी अनेक वर्षे काटेकोर नोंद ठेवली. १८३० मध्ये रोस्टोक विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

शेतीचे प्रारूप

टेअर यांनी पडीक न ठेवता पिकांची फेरपालट करण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला होता. ही पद्धत सर्वत्र श्रेष्ठ ठरेल काय, हा प्रश्न थ्युनेन यांनी आपल्या हिशेबांवर तपासला. १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अलग राज्य’ या अर्थाच्या शीर्षकाच्या ग्रंथात त्यांनी सारख्या कसाच्या मैदानात मध्यभागी एकच शहर असलेला प्रदेश कल्पिला. शहरापासून अंतर वाढते तसा वाहतूकखर्च वाढतो आणि शेतावर धान्याला मिळणारा भाव घटतो. त्यामुळे शहराजवळ फेरपालट परवडते. त्यापलीकडे राय, जव व ओट यांनंतर तीन वर्षे कुरण आणि एक वर्ष पडीक ठेवणारी सात वर्षांची पद्धत, त्याहून दूर एक-तृतीयांश जमीन पडीक ठेवणारी त्रिक्षेत्र पद्धत आणि शेवटी केवळ पशुपालन किफायतशीर ठरते. कोणतीही पद्धत निरपवाद श्रेष्ठ नसून ती भाव व खर्चावर अवलंबून असते, हा त्यांचा निष्कर्ष होय.

मजुरीचा प्रश्न

शेतमजुरांच्या दारिद्र्याचाही त्यांनी विचार केला. गरजेपुरती मजुरी आणि श्रमाचे उत्पन्न यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे नैसर्गिक मजुरी, असे सूत्र त्यांनी मांडले. टेलो येथील मजुरांना त्यांनी जहागिरीच्या नफ्यात वाटाही दिला. हे सूत्र पुढील अर्थशास्त्रज्ञांनी सहसा स्वीकारले नाही; तथापि बेलित्स येथील त्यांच्या समाधीशिलेवर ते कोरलेले आहे.

वारसा

पश्चिम ऑस्ट्रेलियातील गहू व मेंढीपालनाच्या संमिश्र शेतीसाठी १९८० च्या दशकात संगणकावर ‘मिडास’ हे जैव-आर्थिक प्रारूप तयार झाले. किती जमीन धान्याला आणि किती कुरणाला द्यावी, हा थ्युनेन यांनी हाताळलेला प्रश्न अशा प्रारूपांच्याही केंद्रस्थानी असतो.