हाताला खेळ, तोंडाला शब्द : ताराबाई मोडक यांनी दाखवलेली वाट

सातारा : मूल वेळेवर बोलत नसेल तर घरचे त्याच्याकडून शब्द घोकून घेतात. ‘काका म्हण, पाणी म्हण’ असा आग्रह सुरू होतो आणि मूल आणखी गप्प होते. त्याच्या हाताला काहीतरी करायला द्या आणि त्याविषयी बोला, असे वाचा-उपचारतज्ज्ञ आज सांगतात. महाराष्ट्राच्या बालशिक्षणात ही वाट घालून दिली ताराबाई मोडक यांनी. गावोगावच्या अंगणवाडीचे मूळही त्यांच्याच कामात आहे.

कोण होत्या ताराबाई?
१९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. ताराबाई १९१४ मध्ये पदवीधर झाल्या. पुढे राजकोटला स्त्रियांच्या अध्यापक विद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या. संसार सुखाचा झाला नाही. पदरी लहान मुलगी असताना, १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात दाखल झाल्या.

हातांचा आणि भाषेचा संबंध काय?
गिजुभाई आणि ताराबाईंनी माँटेसरी पद्धत स्वीकारली. इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांनी सुरुवातीला मतिमंद समजल्या गेलेल्या मुलांसोबत काम केले होते. वस्तू हाताळायची, तिचा स्पर्श अनुभवायचा, मग तिचे नाव ऐकायचे, हा क्रम त्यातूनच आला. गिजुभाई-ताराबाईंनी त्याला गोष्टी, गाणी आणि नाटुकल्यांची जोड दिली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले.

बोर्डी-कोसबाडला काय घडले?
खरी कसोटी पुढेच होती. माँटेसरीची साधने महाग, ती गरिबाला कशी परवडणार? १९४५ मध्ये ताराबाईंनी डहाणूजवळ बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. सोबतीला अनुताई वाघ होत्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथल्या आदिवासी मुलांची घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. शाळेत गप्प बसणारे मूल मंद नसते, त्याला ती भाषा परकी असते, हे अशा ठिकाणी लक्षात घ्यावेच लागते.

मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. बिया, पाने, शिंपले, खडे, माती हीच साधने झाली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द घरोघरी पोहोचला.

घरी काय करता येईल?
- मातीचा बैल : बेंदराला घरोघरी बैल आणतात, यंदा मुलासोबत करा. शिंग, शेपूट, वशिंड लावताना नाव घ्या.
- बियांची वाटणी : शेंगदाणे, हरभरे, चिंचोके वेगळे करताना ‘मोठा-लहान’, ‘आत-बाहेर’ हे शब्द वापरा. लहान मूल बी तोंडात घालते, म्हणून समोरून हलू नका.
- थांबा : एक वाक्य बोलून थोडा वेळ गप्प राहा, मुलाला संधी द्या. ते ‘बैल’ म्हणाले तर तुम्ही ‘हो, मोठा बैल’ म्हणा.
- घरची बोली : घरात जी भाषा बोलता तीच बोला.

तज्ज्ञांकडे कधी जावे?
खेळ मदत करतात, पण ते उपचारांची जागा घेत नाहीत. वर्षाचे मूल ‘बाबा-मामा’सारखे आवाज काढत नसेल, दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल किंवा येणारे शब्द बोलायचे थांबले असेल, तर वाट पाहू नका. आधी कानांची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा मोफत तपासणी करते. पथक येईल त्या दिवशी मुलाला नक्की पाठवा आणि त्याच्या बोलण्याविषयी स्वतःहून सांगा.