पत्ते मोजतो म्हणून कॅसिनोने हाकललं, पठ्ठ्याने सुप्रीम कोर्टात जाऊन केस जिंकली

मेंढीकोट खेळताना प्रत्येक घरात एक तरी काका असा असतोच, ज्याला चारही दश्श्या कुणाकडे गेल्या आणि हुकुमाची किती पानं उरली हे तोंडपाठ असतं. त्याला कुणी चोर म्हणत नाही, हुशार म्हणतात.

पण अमेरिकेत एका माणसाला याच हुशारीसाठी कॅसिनोने बाहेर काढलं. गडी गप्प बसला नाही, थेट कोर्टात गेला. त्याचं नाव केन यूस्टन.

१९३५ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचा जन्म झाला. वडील जपानी, आडनाव उसुई. पोरगं अभ्यासात इतकं हुशार की १६ व्या वर्षीच येल विद्यापीठात पोहोचलं. पुढे हार्वर्डमधून एमबीए केलं आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅसिफिक स्टॉक एक्सचेंजमध्ये सीनियर व्हाइस प्रेसिडेंट झाला. सुटाबुटातली नोकरी, चांगला पगार, सगळं सेट होतं.

पण डोक्यात घोळत होता ब्लॅकजॅक.

या खेळात पत्त्यांची बेरीज २१ च्या पुढे जाऊ न देता डीलरपेक्षा जास्त करायची असते. प्रत्येक वेळी गणिताप्रमाणे योग्य तोच निर्णय घेतला, तरी साधारण अर्धा टक्का फायदा कॅसिनोकडेच राहतो. म्हणजे १०० रुपये लावले की सरासरी ५० पैसे जातात.

मात्र हा आकडा कायम राहत नाही. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने कॉम्प्युटरवर हिशोब करून १९६२ च्या पुस्तकात दाखवून दिलं, की वापरलेली पानं बाजूला जातात तसा फायदाही इकडून तिकडे सरकतो. एक्के आणि दहाच्या किमतीची पानं जास्त उरली तर खेळणाऱ्याचं पारडं जड होतं, छोटी पानं उरली तर कॅसिनोचं.

एक साधा हिशोब बघा. डीलरचा एक्का दिसला की 'इन्शुरन्स' नावाची वेगळी पैज लावता येते. डीलरचं झाकलेलं पान दहाचं निघालं तर दुप्पट पैसे मिळतात. एका कॅटमध्ये दश्श्या, गुलाम, राण्या आणि राजे मिळून अशी १६ पानं असतात. डीलरचा एक्का सोडला तर उरतात ५१. त्यातल्या १६ पानांवर प्रत्येकी २ मिळतात, म्हणजे ३२. उरलेल्या ३५ वर प्रत्येकी १ जातो. तोटा ३ चा.

आता समजा बरीच पानं वाटून झाली, न दिसलेली ३० उरली आणि त्यात ११ दहाची आहेत. ११ दुणे २२ येतात, १९ जातात. पैज तीच, पण आता फायद्याची!

सगळी पानं लक्षात ठेवायचीही गरज नसते. २ ते ६ निघालं की एक मिळवायचा, दहाचं पान किंवा एक्का निघाला की एक वजा करायचा. बेरीज वाढली की पैज वाढवायची.

अडचण एकच होती. पैज अचानक वाढली की कॅसिनोवाल्यांना लगेच वास यायचा.

यावर अल फ्रान्सेस्को नावाच्या खेळाडूने भारी जुगाड काढला होता. टीममधली पोरं वेगवेगळ्या टेबलांवर किरकोळ पैज लावत पानं मोजत बसायची. टेबल गरम झालं की गुपचूप इशारा करायची. मग एखाद्या बेफिकीर श्रीमंतासारखा 'बिग प्लेयर' यायचा आणि पहिल्याच डावापासून मोठी रक्कम लावायचा. १९७० च्या दशकात यूस्टन हाच बिग प्लेयर बनला आणि स्टॉक एक्सचेंजच्या नोकरीवर पाणी सोडलं.

पण १९७७ साली त्याने या सगळ्यावर पुस्तक काढलं आणि टीमचं गुपित जगजाहीर झालं. ज्यांनी त्याला धंदा शिकवला, तेच सहकारी दुखावले.

त्याने स्वतःच्या टीम उभ्या केल्या. वेषांतर करून कॅसिनोत शिरायचा. १९७९ मध्ये अटलांटिक सिटीच्या रिसॉर्ट्स इंटरनॅशनल कॅसिनोने त्याला बंदी घातली. त्याचं म्हणणं सरळ होतं. ना पत्ते बदलले, ना खुणा केल्या, ना कुठलं यंत्र वापरलं. डोकं वापरणं ही फसवणूक कशी?

१९८२ साली न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. खेळाचे नियम ठरवण्याचा अधिकार सरकारी कॅसिनो आयोगाचा आहे आणि आयोगाने पत्ते मोजणाऱ्यांवर बंदी घातलेली नाही. त्यामुळे कॅसिनो स्वतःच्या मर्जीने अशा खेळाडूला हाकलू शकत नाही.

केस यूस्टन जिंकला, पण कॅसिनोवाले त्याहून बेरकी निघाले. माणूस काढता येत नाही ना, मग त्यांनी कॅटची संख्या वाढवली आणि पानं लवकर पिसायला सुरुवात केली. कॅट जास्त असले की निघालेल्या पानांचा उरलेल्यांवर परिणाम कमी होतो. मोजणारा टेबलावर बसला खरा, पण मोजून हाती लागणारं कमी झालं.

याच काळात पॅक-मॅन या व्हिडिओ गेमवरचं त्याचं पुस्तकही धडाक्यात खपलं. १९८७ साली पॅरिसमध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी त्याचं निधन झालं.

नेवाडात, म्हणजे लास वेगासला, पत्ते मोजणाऱ्याला आजही कॅसिनो बाहेरचा रस्ता दाखवू शकतो. न्यू जर्सीत मात्र नाही. तिथे हिशोब करत बसलेल्या माणसाला खुर्चीवरून कुणी उठवत नाही, ते केन यूस्टनमुळे.